घाटाखालचे विद्यार्थी आणि घाटावरचे न्यायालय

१७ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचचे उद्घाटन त्या वेळचे सरन्यायाधीश न्या. भूषण गवई यांच्या हस्ते झाले आणि दुसऱ्या दिवसापासून भाऊसिंगजी रस्त्यावरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कामकाजास आरंभ झाला. चार दशकांहून अधिक काळ चाललेल्या मागणीला आलेले हे फळ होते. या नगरीने तो दिवस सणासारखा साजरा केला, आणि ते यथायोग्यच झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकाराला अपिलाच्या एका तारखेसाठी मुंबईची रात्रगाडी धरण्याचे कारण उरले नाही. पेढे वाटले गेले, फटाके वाजले, फलक लागले. या सर्व आनंदात एक प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही. न्यायालय जवळ आले. पण त्या न्यायालयात काळा कोट घालून उभे राहणार कोण? घाटाखालच्या गावांचे दावे लढविण्यासाठी घाटाखालचीच मुले तेथे दिसणार आहेत काय?

विधी महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेची तयारी हा विषय सामान्यतः आतल्या पानावरील शैक्षणिक सदरात, परीक्षेच्या तारखा आणि शिकवणीवर्गांच्या जाहिराती यांच्या शेजारी पडून राहतो. तो आज आम्ही पहिल्या पानावर आणला आहे. वकिलीच्या धंद्याचे दार पूर्वी अनेक ठिकाणी होते. आता ते त्या दोन तासांच्या परीक्षेत आहे, आणि ते कोणासाठी किती उघडते यावर पुढल्या पिढीतील न्यायदानाचा चेहरा अवलंबून आहे, असे आमचे मत आहे.

उदाहरण म्हणून वैभववाडी तालुका घेऊ. सिंधुदुर्ग म्हटले की शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे मालवणची पुळण आणि ताटातला सुरमईचा तुकडा येतो. वैभववाडीला समुद्र नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेला हा तालुका करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांनी गगनबावड्याशी, आणि तेथून आमच्या कोल्हापूरशी जोडलेला आहे. येथील ऊस घाट चढून वर येतो, आजारी माणूस घाट चढून वर येतो, महाविद्यालयीन शिक्षणासाठीही पुष्कळ मुले घाट चढतात. अंतर सुमारे ८० किलोमीटरांचे. मुंबई मात्र ४०० किलोमीटरांहून दूर. रस्त्याच्या कामासाठी २०२४ मध्ये करूळ घाट दीर्घ काळ बंद राहिला तेव्हा या तालुक्याची कशी कोंडी झाली, हे तेथील लोकांना विचारावे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली, तालुक्याच्या नावाचे स्थानक झाले आणि मुंबईकडचा प्रवास सुकर झाला. तथापि त्या रेल्वेने गावातील तरुण मुंबईला नेण्याचेच काम अधिक केले.

अशा तालुक्याला वकील कशासाठी हवा, असे कोणी विचारील. त्याने येथील एखादा सातबारा उतारा हाती घेऊन पाहावा. पाच गुंठ्यांच्या तुकड्यावर वीस-वीस, तीस-तीस नावे सामायिकात चढलेली. त्यांतील निम्मी माणसे हयात नाहीत, उरलेल्यांपैकी बरीचशी परळ-लालबागला, नालासोपाऱ्याला किंवा त्याहून दूर. आजोबांच्या मृत्यूनंतरची वारसनोंद झालेली नाही, आत्याचे हक्कसोड पत्र झाले की नाही हे कोणाला आठवत नाही, आणि जुना दस्त मोडीत असल्यामुळे तो वाचणारा शोधावा लागतो. यावर कूळकायद्याचा थर आहे. त्याखाली खोतीचा थर आहे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले होते. प्रत्यक्ष कायदा १९४९ साली झाला. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन येऊन गेले. परंतु कायदा पुस्तकात झाल्याने फेरफार नोंदवहीत आपोआप होत नाही. जेथे कुळाला बाजू मांडणारा मनुष्य मिळाला तेथे कूळ मालक झाले. जेथे मिळाला नाही तेथे त्याचा नातू अजून तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेला आढळतो.

दुसरे उदाहरण अधिक ताजे आहे. वैभववाडी तालुक्यातील अरुणा मध्यम प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात आखवणे आणि भोम ही गावे गेली. धरणे नकोत असे आम्ही म्हणत नाही. कोकणातले पावसाचे पाणी समुद्राला जाते आणि मे महिन्यात विहिरी तळ दाखवितात, ही वस्तुस्थितीच आहे. परंतु भूसंपादनाचा मोबदला, घराचे मूल्यांकन, पुनर्वसनाच्या गावठाणातील भूखंड, पर्यायी जमीन या प्रत्येक गोष्टीला नोटीस असते, मुदत असते, हरकत असते आणि हरकत फेटाळली तर अपील असते. १८९४ चा भूसंपादन कायदा जाऊन २०१३ चा नवा कायदा आला; कोणत्या प्रकरणाला कोणता कायदा लागू, हा प्रश्न भल्याभल्या विधिज्ञांना घाम फोडणारा आहे. ज्याच्या अंगणात पाणी चढत आहे त्या शेतकऱ्याने तो कोणाला विचारावा? त्याच्या वाडीतला, त्याची भाषा समजणारा, त्याच्या बांधाचे नाव ठाऊक असलेला एक वकील ही त्याच्या दृष्टीने चैन नव्हे. विहिरीइतकीच ती गरजेची वस्तू आहे.

आता त्या दाराकडे वळू. महाराष्ट्रात २०१६ पासून विधी अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा घेतली जाते. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ती निरनिराळी असते. संगणकावर दोन तासांत १२० प्रश्न सोडवावयाचे; पूर्वी ते १५० होते. चुकलेल्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पाच वर्षांच्या परीक्षेत निम्म्याहून अधिक प्रश्न कायदेविषयक कल आणि तर्कबुद्धी यांवर असतात. उरलेले सामान्य ज्ञान, इंग्रजी आणि थोडेसे गणित. इंग्रजीचा भाग सोडल्यास प्रश्न मराठीतूनही वाचता येतात. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचे आय.एल.एस., आमचे शहाजी विधी महाविद्यालय, खाली कुडाळ-रत्नागिरीची महाविद्यालये, या सर्वांचा मार्ग या परीक्षेतून जातो.

दुसरी परीक्षा देशपातळीवरची, 'क्लॅट' या नावाने ओळखली जाणारी. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाने १९८८ मध्ये पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचा जो पायंडा पाडला त्यावरून पुढे राज्याराज्यांत राष्ट्रीय विधी विद्यापीठे निघाली. महाराष्ट्रात ती मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. आरंभी प्रत्येक विद्यापीठ स्वतंत्र परीक्षा घेत असे. २००८ पासून ती एकत्र झाली. येथेही दोन तासांत १२० प्रश्न. पण चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, प्रश्न सुमारे साडेचारशे शब्दांच्या उताऱ्यांवर बेतलेले असतात, अर्जाचे शुल्क सर्वसाधारण विद्यार्थ्याला ४,००० रुपये आहे, आणि भाषा एकच, इंग्रजी. देशातील मोठमोठ्या विधी कंपन्या आणि दिल्ली-मुंबईतील ज्येष्ठ वकिलांची कार्यालये आपले होतकरू साहाय्यक मुख्यतः याच विद्यापीठांतून उचलतात, हे सर्वश्रुत आहे.

या दोन्ही परीक्षांविषयी पालकांत एक विलक्षण गैरसमज आहे. त्यांना वाटते की मुलाला आधी कायदा पाठ करावा लागेल. भारतीय न्याय संहितेची कलमे तोंडपाठ म्हणणारी बारावीची मुले आम्ही पाहिली आहेत आणि त्यांच्या स्मरणशक्तीचे कौतुक वाटण्याऐवजी आम्हांला त्यांची कीव आली आहे. परीक्षा कायद्याचे ज्ञान फारसे विचारीत नाही. ती तत्त्व पुढे ठेवते, वस्तुस्थिती पुढे ठेवते, आणि एक दुसरीला लावून दाखव म्हणते. असा एक प्रश्न आम्हीच रचून पाहू.

तत्त्व असे की, दुसऱ्याच्या ताब्यातील जमिनीवर त्याच्या संमतीवाचून प्रवेश करणे हे अतिक्रमण होय. प्रवेश करणाऱ्याचा हेतू कोणता होता, हे पाहण्याचे कारण नाही. वस्तुस्थिती अशी की, गणूच्या झाडावरचा फणस वाऱ्याने शेजारच्या बाबल्याच्या परड्यात पडला. बाबल्या मुंबईस गेलेला. गणू गडगा ओलांडून आत गेला, फणस उचलला, काडीचेही नुकसान न करता परत आला. गणूने अतिक्रमण केले काय?

वैभववाडीचा विद्यार्थी पटकन म्हणेल, छे! फणस त्याचा, झाड त्याचे, आणि बाबल्या असता तर त्याने तो स्वतः आणून दिला असता. आमच्या ताराबाई पार्कातला विद्यार्थीही बहुधा तेच म्हणेल, परंतु त्याला शिकवणीवर्गात पन्नास वेळा बजावलेले असते की दिलेल्या तत्त्वाबाहेर पाऊल टाकू नकोस. म्हणून तो थांबतो आणि 'होय, अतिक्रमण झाले' यावर खूण करतो. गुण त्याला मिळतात. वस्तुतः गडगा, बांध, वहिवाट, सामायिक विहीर यांचे जेवढे जिवंत ज्ञान पहिल्या मुलापाशी आहे त्याच्या शतांश दुसऱ्यापाशी नाही. घरातल्या तीन पिढ्यांचे भांडण ऐकत तो वाढला आहे. त्याच्यात उणीव आहे ती एकाच सवयीची. आपले मत क्षणभर बाजूला ठेवून समोरच्या कागदावर काय लिहिले आहे तेवढेच वाचणे, ही ती सवय. पुढच्याच प्रश्नात तत्त्व बदलून 'स्वतःची वस्तू नुकसान न करता परत घेण्यासाठी केलेला प्रवेश अपवाद समजावा' असे घातले, तर उत्तर उलटते. मुलाने दुसऱ्या वेळीही थांबून वाचले पाहिजे. आम्ही एके काळी शाळेत शिकविले आहे. गाळलेल्या 'न' वरून अर्थाचा अनर्थ करणारी शेकडो उत्तरे आम्ही तपासली आहेत. त्या अनुभवावरून आम्ही निःशंकपणे सांगतो की ही सवय शिकविता येते, ती कोणत्याही बऱ्या शिक्षकाला शिकविता येते, आणि तिला वातानुकूलित वर्ग लागत नाही.

मग वैभववाडीच्या मुलाला ती मिळत का नाही? कारण ती विक्रीला ठेवली गेली आहे. पुण्या-मुंबईत या परीक्षांच्या तयारीचा मोठा व्यापार उभा आहे. सराव परीक्षांचे संच, चालू घडामोडींच्या मासिक पुस्तिका, यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे, सगळा सरंजाम. त्याची किंमत, शिवाय शहरात राहण्याजेवण्याचा खर्च, काजूच्या बागेवर आणि भाताच्या दोन कुणग्यांवर चालणाऱ्या घराला परवडणारा नाही. आता भ्रमणध्वनीवर सर्व काही मिळते, असे यावर सांगतात. मिळते हे खरे. पण डोंगराच्या कुशीतल्या वाडीत संदेशवहनाची जी अवस्था असते ती सोडून दिली, तरी एकट्या मुलाने पडद्याकडे पाहून वाचनाची शिस्त लावून घेणे ही गोष्ट हजारात एखाद्याला साधते. बाकीच्यांना शेजारी बसून 'हे पुन्हा वाच' म्हणणारा कोणीतरी लागतो.

परीक्षेसाठी शिकविणे हेच हलके काम आहे, असे मात्र आम्ही मानीत नाही. लोकमान्य टिळकांनी १८७९ मध्ये एल्एल.बी. ची परीक्षा दिली, वकिली केली नाही. परंतु डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यानंतरच्या काळात पुण्यात वकिलीच्या परीक्षेसाठी त्यांनी चालविलेला लॉ क्लास हेच त्यांच्या चरितार्थाचे एक मुख्य साधन होते. केसरीचा संपादक सकाळी विद्यार्थ्यांना हिंदू कायदा समजावून देतो यात कोणाला कमीपणा वाटला नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे हे रत्नागिरी जिल्ह्यातले. दापोलीच्या शाळेत शिकले, काही काळ रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक होते, नंतर मुंबई उच्च न्यायालयात वकील झाले आणि धर्मशास्त्राचा इतिहास लिहून १९६३ मध्ये भारतरत्न झाले. शाळामास्तर आणि वकील यांच्यामधली वाट कोकणाला अपरिचित नाही. ती तेव्हा पायवाट होती. आज तेथे टोलनाका बसला आहे.

भाषेच्या प्रश्नाचा येथे विचार केल्यावाचून गत्यंतर नाही. 'क्लॅट' प्रादेशिक भाषांतून घेतली जावी अशी याचिका २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाली. भारतीय विधिज्ञ परिषदेने तेथे या मागणीला अनुकूल भूमिका घेतली. तरीही २०२५ च्या डिसेंबरात झालेली परीक्षा इंग्रजीतच झाली. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' मराठीत होते, अभियांत्रिकीची 'जेईई मेन' मराठीत होते. रसायनशास्त्रातील समीकरणे मराठीत मावतात आणि फणसाचे अतिक्रमण मात्र मावत नाही, हे तर्कट आम्हांला उमगत नाही. उच्च न्यायालयाची भाषा राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार इंग्रजी आहे, म्हणून परीक्षाही इंग्रजीत हवी, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु पाच वर्षांचा अभ्यासक्रम कशासाठी आहे? दारावर बुद्धी पारखावी आणि भाषा आत घेऊन शिकवावी, हा सरळ व्यवहार आहे. शिवाय महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. जेथे बहुसंख्य जनतेचे दावे चालतात तेथे कैफियत मराठीत, साक्ष मराठीत, सातबारा मराठीत. उत्तम मराठी जाणणे ही त्या न्यायालयांतील वकिलाची अर्हता समजावयास हवी. तिला अडसर समजणे हास्यास्पद होय.

परंतु मराठीचा कैवार घेताना मुलांची फसवणूक करू नये. मराठीत परीक्षा झाली की काम झाले, असे व्यासपीठावरून सांगणारे पुढारी स्वतःची मुले कोणत्या शाळेत घालतात ते आम्ही जाणतो. राज्याच्या परीक्षेतही इंग्रजीचा भाग टळत नाही; तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठीच्या परीक्षेत तर सुमारे एकतृतीयांश प्रश्न इंग्रजीचे असतात. निकालपत्रे इंग्रजीत आहेत, आणि कोल्हापूरच्या बेंचपुढे उभे राहणाऱ्याला ती अस्खलित वाचावी लागतील. म्हणून वैभववाडीच्या मुलाने अकरावीपासून रोज एक इंग्रजी अग्रलेख आणि एक मराठी अग्रलेख वाचावा, प्रत्येकाचा सारांश पाच ओळींत लिहावा आणि लेखकाचा मुद्दा कोठे लंगडा आहे ते शोधून काढावे. (आमच्याही अग्रलेखात तो सापडेल, खुशाल शोधावा.) वर्षभर हे केले तर चालू घडामोडींची पुस्तिका विकत घेण्याचे कारण पडणार नाही.

वकील आधीच उदंड झाले आहेत, आणखी कशाला, असाही एक आक्षेप आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात पडवीत टेबल टाकून बसलेली तरुण मंडळी पाहिली की तो खरा वाटतो. परंतु वकिलांची गर्दी शहरात आहे, आणि ती गर्दी ज्या थरातून येते तो थर ठरलेला आहे. ज्याच्या घरी वकील, त्याच्या घरी वकील. आमच्या मध्यमवर्गीय वाचकांनी याचा राग मानू नये. आम्हीही त्याच वर्गातले आहोत. दिवंगत प्राध्यापक शामनाद बशीर यांनी २०१० मध्ये 'इडिया' ही संस्था काढली ती हेच चित्र पाहून. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत इंग्रजी शाळांतील, सुखवस्तू घरांतील मुलेच भरली आहेत, तेव्हा खेड्यातील गरीब मुले शोधून त्यांना प्रवेश परीक्षेसाठी तयार करावयाचे, असा त्यांचा बेत होता. विधी विद्यापीठांतील विद्यार्थीच सुट्टीत हे काम करू लागले. त्या वाटेने अंध विद्यार्थी गेले, शेतमजुरांची मुले गेली. बशीर २०१९ मध्ये अकाली वारले. संस्था चालू राहिली. एका प्राध्यापकाला जे सुचले ते सहा जिल्ह्यांच्या वकील संघटनांना सुचू नये काय?

या वाटेवर पुढेही काटे आहेत, ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. सनद घेताना राज्योराज्यींच्या विधिज्ञ परिषदा हजारो रुपये उकळीत; ३० जुलै २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने त्याला लगाम घातला आणि कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांवर, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांवर, ते शुल्क आणून ठेवले. २० मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. अट तत्त्वतः रास्त आहे. ज्याने अशिलाचे रडणे ऐकले नाही त्याने न्यायासनावर बसू नये. पण ज्याला त्या तीन वर्षांत ज्येष्ठ वकिलाकडून महिन्याकाठी एसटीचे भाडेही सुटत नाही, त्याच्यासाठी ती अट धनिकाच्या मुलापेक्षा कितीतरी जड आहे.

या शहराचे कर्तव्य काय, एवढेच आता सांगावयाचे. ज्या नगरीत राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उभी केली, त्या नगरीला बाहेरगावच्या विद्यार्थ्याला कसे जवळ करावे हे शिकविण्याची गरज नसावी. महाराजांनी अस्पृश्य मानलेल्या समाजातील माणसांना वकिलीच्या सनदा दिल्या तेव्हा कित्येकांनी नाके मुरडली होती. धंद्याचे दार वरून उघडल्याखेरीज काही जणांना ते कधीच उघडत नाही, हे ते जाणून होते. सर्किट बेंचचे श्रेय घेण्यासाठी जी चढाओढ झाली तिच्या दहाव्या हिश्शाने उत्साह येथे लावला तरी पुरे आहे.

वैभववाडीत आनंदीबाई रावराणे महाविद्यालय आहे; कला, वाणिज्य, विज्ञान या तिन्ही शाखांची मुले तेथे शिकतात. त्या महाविद्यालयाने संध्याकाळी एक खोली द्यावी. तेथे दोन मराठी आणि दोन इंग्रजी वृत्तपत्रे, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, एक मोठा शब्दकोश आणि राज्यघटनेची मराठी प्रत असावी. इंग्रजीच्या आणि तर्काच्या तासाला तेथील शिक्षक आहेतच. त्यांना त्या कामाचे मानधन मिळावे, केवळ आभाराचे पत्र नको. कोल्हापूर आणि ओरोस येथील वकील संघटनांनी पंधरवड्यातून एक शनिवार आपला एक सभासद पाठवावा; त्याने भाषण करू नये, मुलांबरोबर एक उतारा वाचावा, त्याचे प्रश्न काढावे आणि एखाद्या फेरफाराची खरी नोंद उलगडून दाखवावी. शहाजी विधी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना सुट्टीत करण्याजोगे याहून चांगले काम आम्हांला सुचत नाही. जी मुले 'क्लॅट' ला बसण्याच्या योग्यतेची दिसतील त्यांचे चार हजारांचे शुल्क आणि परीक्षेच्या शहरापर्यंतचे भाडे येथील एखाद्या मंडळाने भरावे. गणेशोत्सवातील एका रात्रीच्या ध्वनिक्षेपकाच्या खर्चातून किती मुलांची सोय होईल याचा हिशेब मंडळांच्या खजिनदारांनीच मांडावा.

यात मुलींचा विचार वेगळा करावा लागेल. संध्याकाळचा वर्ग संपल्यावर शेवटची एसटी चुकली तर वाडीवर परतणार कसे, या एका प्रश्नावर पुष्कळ मुलींचे शिक्षण अडते, आणि वारसाहक्काच्या, पोटगीच्या, हक्कसोड पत्राच्या ज्या खटल्यांत बायका पक्षकार असतात तेथे स्त्री वकिलाची निकड सर्वांत अधिक असते. वर्गाची वेळ आगाराच्या वेळापत्रकाकडे पाहून ठरवावी. तेवढ्याने भागत नसेल तर मुलींचा वर्ग सकाळी घ्यावा.

'क्लॅट' डिसेंबरात येते, भातकापणी उरकल्यावर. राज्याची परीक्षा उन्हाळ्याच्या सुमारास येते, काजूच्या बिया वेचण्याच्या ऐन हंगामात. तयारी त्याआधी व्हावयाची तर वर्ग पावसाळ्यातच उभा राहिला पाहिजे. खोली उघडण्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. वृत्तपत्राच्या प्रती आम्ही आमच्या खर्चाने पाठवू. इंग्रजीचे शिक्षक, वकील आणि प्रश्नपत्रिका यांपैकी जे ज्याला देता येईल ते त्याने आमच्या कार्यालयात कळवावे. नावे एकत्र करून महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे पोहोचती करण्याचे काम आम्ही पत्करीत आहोत.